एकोणीसचा पाढा आणि जिन्यातला दिवा

"तुमच्या जिन्यातला दिवा एकोणीस पाचे व्हायच्या आत जातो," आई म्हणाली, आणि पोह्यांवर झाकण ठेवून बाराचा पाढा पुटपुटायला लागली.

आई साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायची. जन्मभर पोरांकडून पाढे घोटून घेतल्यामुळे तिच्या डोक्यात सेकंद आणि मिनिटं उरलेलीच नाहीत, वेळ मोजायची ती पाढ्यांनी. पोह्यांना वाफ यायला बाराचा, चहा मुरायला सतराचा आणि अवघड कामाला एकोणीसचा. बायकोने तिला मोबाइलमधला टायमर दाखवला होता. आईने तो कौतुकाने पाहिला, "छान आहे हो" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाराचा पाढा सुरू केला. दुःखाची गोष्ट अशी की पोहे तिचेच चांगले होतात.

आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत राहतो. लिफ्ट नसलेली इमारत, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. जिना आतल्या अंगाला आहे, त्याला खिडकी म्हणून नाही. आमच्या कमिटीने वीज वाचवायची म्हणून प्रत्येक जिन्यात एक डबी बसवलेली आहे. बटण दाबलं की सगळ्या मजल्यांवरचे दिवे लागतात आणि थोड्या वेळाने आपोआप जातात. बटणं दोनच, एक अगदी खाली आणि एक अगदी वर. मधे अंधार झाला तर तुम्ही आणि तुमचं नशीब. पूर्वी माणूस आला की आपोआप लागणारे दिवे होते, पण ते मांजरांसाठीही लागतात असं निदर्शनास आल्यामुळे काढले.

"आणि दुसरं," आई म्हणाली, "तो दिवा माणूस बघून जळतो. तुझ्यासाठी जास्त वेळ, माझ्यासाठी कमी."

"आई, दिव्याला काय कळतं कोण आलंय ते?"

"ते तुला माहीत. इंजिनिअर तू आहेस."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे हे खरं, पण परीक्षा पास झाल्याझाल्या केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो आणि तेव्हापासून फायलींवर शेरे मारण्यापलीकडे हाताने काही केलेलं नाही. घरातला बल्बसुद्धा बायको बदलते. मी खाली उभा राहून स्टूल धरतो आणि सूचना देतो.

पण त्या सकाळी मला पाढ्यापेक्षा वेगळीच गोष्ट लागली. आई महिनाभर संध्याकाळी खाली गेली नव्हती. आधी ती न चुकता जायची. खालच्या बागेतल्या बाकावर पंजाबी, तमिळ, बंगाली अशा चार-पाच बायका जमायच्या, आणि आई तिच्या साताऱ्याच्या हिंदीत त्यांच्यावर राज्य करायची. दिवाळीनंतर दिवस लहान झाले, सहालाच काळोख पडायला लागला, आणि तिचं जाणं थांबलं. कारणं रोज वेगळी. एक दिवस हवेत धूर आहे, एक दिवस गारठा आहे, एक दिवस मटार सोलायचे आहेत. आणि मग एक दिवस जेवताना म्हणाली, "संक्रांत झाली की मी साताऱ्याला जाते. इथे माझं काय काम आहे?"

साताऱ्याला ती एकटी. गेल्या वर्षी मोरीत पाय घसरून पडली आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. त्यानेच उचललं. ही गोष्ट तिने आम्हांला दोन महिन्यांनी सांगितली, तीही दूधवाला कसा गुणी आहे हे सांगताना. मला ती साताऱ्याला परत जायला नको होती. मला भीती वाटत होती, आणि ती भीती मी तिला सांगू शकत नव्हतो, कारण भ्यालेल्या माणसांवर ती चिडते.

म्हणून जिन्यातल्या दिव्याचं कळल्यावर मला हायसंच वाटलं. प्रश्न थंडीचा नव्हता, धुराचा नव्हता, दिव्याचा होता. आणि दिवा म्हणजे आपला विषय.

मोबाइलचा टॉर्च घे म्हटलं तर म्हणाली, एका हातात कठडा, एका हातात निऱ्या, टॉर्च काय दातात धरू? मी खाली न्यायला येतो म्हटलं तर म्हणाली, मी काय बालवाडीत आहे? मग मी आमच्या सेक्रेटरींकडे गेलो. हे रिटायर झालेले गृहस्थ, पलीकडच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहतात, आणि ते डब्या बसवण्याचं काम त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलेलं.

"टाइमर थोड़ा बढ़ा दीजिए," मी म्हणालो.

"लिखकर दीजिए," ते म्हणाले. "अगली मीटिंग में रखेंगे।"

"मीटिंग कब है?"

"जब कोरम होगा।"

मला संताप आला. मग आठवलं की मी स्वतः ऑफिसात दिवसभर लोकांना हेच सांगतो, आणि इतक्या शांतपणे मला कधी जमलेलं नाही. घरी येऊन मी जाहीर केलं की हे काम मी स्वतः करणार.

"चलो," बायको म्हणाली, "विमा कुठे ठेवलाय ते तेवढं सांगून ठेव."

रविवारी दुपारी मेन स्विच बंद करून, त्याच्यापाशी बायकोला पहाऱ्याला उभं करून, मी डबी उघडली. आणि काय सांगू, पहिल्या वर्षाच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. आत सगळं ओळखीचं होतं. एक कपॅसिटर, एक रेझिस्टर, एक रिले. बटण दाबलं की कपॅसिटर भरतो. बटण सोडलं की त्यात साठलेली वीज रेझिस्टरमधून हळूहळू झिरपून जाते, आणि ती फार कमी झाली की रिले टक् करून दिवा बंद करतो. कपॅसिटर जितका मोठा तितका दिवा जास्त वेळ चालणार. म्हणजे काम सोपं. तसलाच आणखी एक कपॅसिटर आणायचा आणि जोडून टाकायचा.

जुन्या दिल्लीतल्या बाजारात जाऊन मी तो आणला. मूठभर रेझिस्टरही आणले, कारण दुकानदार एकच कपॅसिटर विकायला लाजत होता. डबीचं सर्किट घरी जेवणाच्या टेबलावर मांडलं, जुन्या राउटरच्या अडॅप्टरवर चालवलं, आणि नवा कपॅसिटर जुन्याच्या पुढे एका ओळीत जोडला. फायलीला पुरवणी कागद जोडतात तसा. मोजायला आईला समोर खुर्चीवर बसवलं. मी बटण दाबलं.

"एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक..."

टक्.

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आधी पाचेपर्यंत तरी जात होता."

मी पुन्हा दाबलं. पुन्हा त्रिकाला टक्. एक घालून दोन केले आणि वेळ निम्मा झाला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "यार, आणखी एक आणला असतास तर बटण दाबायच्या आधीच गेला असता." ती इतिहास शिकलेली आहे, पण हे तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं.

मग प्रकाश पडला, माझ्या डोक्यात. रेझिस्टर एकापुढे एक जोडले की वाढतात. कपॅसिटरचं उलट आहे. ते एकापुढे एक लावले की एकूण क्षमता घटते, शेजारी शेजारी लावले की वाढते. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि तेव्हाही मी चुकलो होतो. इतक्या वर्षांनी तीच चूक, त्याच आत्मविश्वासाने. मी दोघांना शेजारी जोडलं, बटण दाबून धरलं, सोडलं, आणि आई एकोणीसचा अख्खा पाढा म्हणून गेली. 'दाहे'नंतर टक् झालं. मी टेबलावर मूठ आपटली आणि चहाची फर्माईश केली.

डबी जागेवर बसवली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आईने महिन्याभराने शाल घेतली, चपला घातल्या आणि पाच वाजता, उजेड असताना, खाली गेली. सहा वाजता मी दार उघडं टाकून वर उभा राहिलो. खालून चपलांचा आवाज आला. मग बटणाचा आवाज आला. दिवा लागला नाही.

पुन्हा बटण. अंधार.

"अरे, हा तर मुळीच लागत नाही!" खालून आवाज आला.

मी धडपडत खाली गेलो. मी बटण दाबलं, दिवे लख्ख लागले. ते गेल्यावर आईने दाबलं, काही नाही. मी दाबलं, लख्ख. आईने दाबलं, काही नाही. तिच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे नव्हतं, उलट आपलं म्हणणं सिद्ध झाल्याचं समाधान होतं.

"सांगितलं नव्हतं तुला? माणूस बघून जळतो."

मग मी तिचं बोट नीट पाहिलं. आई बटण दाबत नाही, बटणाला नुसतं शिवते. तिने आम्हा भावंडांना लहानपणी शिकवलेलं होतं की दुसऱ्याच्या दारावरची घंटी रेटून वाजवू नये, एकदा टिचकी मारावी आणि दोन पावलं मागे सरकून उभं राहावं. जिन्यातला दिवा हाही तिच्या लेखी दुसऱ्याचाच, कमिटीचा. आम्ही बाकीचे लोक त्या बटणावर अंगठा रोवून उभे राहतो, आमच्या वेळी कपॅसिटर काठोकाठ भरतो. आईच्या टिचकीत तो जेमतेम भरायला सुरुवात करायचा. म्हणजे दिवा खरंच माणूस बघून जळत होता, आणि मी इंजिनिअर असून तिला वेड्यात काढलं होतं.

वर आल्यावर मी तिला हे समजावून सांगू लागलो. तिने हात वर करून मला थांबवलं. हा हात चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा आहे.

"म्हणजे हौद आणि तोट्यांचं गणित," ती म्हणाली. "वरच्या तोटीने हौद भरतो, तळाच्या भोकातून गळतो. तू काय केलंस? हौद दुप्पट मोठा केलास. मी आपली एक तांब्या ओतणारी. आधी लहान हौदात त्या तांब्याने थोडं तरी पाणी वर यायचं, आता तळ ओला होऊन राहतो. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. चार वर्षं फी भरून मला हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

"मग हौद कशाला मोठा करायचा? जुना हौद राहू दे. तळाचं भोक बारीक कर."

तळाचं भोक म्हणजे रेझिस्टर. तो वाढवला की गळती मंदावणार. मूठभर रेझिस्टर घरात पडलेलेच होते. मी मुकाट्याने दुसरा कपॅसिटर काढला.

"पण एक फरक आहे," मी म्हणालो, कारण काहीतरी मलाही जास्त येतं हे दाखवणं भाग होतं. "तुझ्या गणितातल्या हौदाचं पाणी सारख्या वेगाने जातं. इथे तसं नाही. जितकं कमी उरतं, तितकं हळू जातं. एका पाढ्यात निम्मं झालं, तर पुढच्या पाढ्यात राहिलेल्याचं निम्मं, मग त्याचंही निम्मं."

"म्हणजे निमकी!" आई एकदम खुलली. निमकी म्हणजे निम्म्यांचे पाढे, एक निमे अर्धा, दोन निमे एक. ती तिच्या आजोबांनी तिच्याकडून पाठ करून घेतली होती. शाळेत मात्र शिकवायला मिळाली नाही, अभ्यासक्रमातून गेलेली. "मग शेवटी शून्य कधी होतं?"

"कधीच होत नाही. थोडं उरतंच."

"मग दिवा का जातो?"

"उरलेलं त्याला पुरत नाही म्हणून."

"समजलं," आई म्हणाली, आणि उठून भाकऱ्या करायला गेली.

मोठा रेझिस्टर लावून पुन्हा चाचणी घेतली. या वेळी मी शहाणा झालो होतो, बटण आईलाच दाबायला लावलं, तिच्या टिचकीने. ती खुर्चीवर ताठ बसून वर्गात म्हणावा तसा खणखणीत पाढा म्हणाली. टक् व्हायच्या आत एकोणीस पुरा झाला आणि वर थोडा वेळ उरला. "तीन मजल्यांना रग्गड," ती म्हणाली. मी डबी बसवून टाकली.

पुढच्या शनिवारी ती खाली गेली. सहाच्या सुमाराला मी पुन्हा वर उभा राहिलो, पण या वेळी दाराआड, तिला दिसणार नाही असा. बटणाची टिचकी ऐकू आली, दिवे लागले, आणि पाढा सुरू झाला.

"एकोणीस एके एकोणीस." चपला, चपला. "एकोणीस दुणे अडतीस." चपला. मग थांबली. श्वासाचा आवाज मला तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने, "एकोणीस त्रिक सत्तावन्न." तीन पायऱ्या. पुन्हा थांबा. पहिल्या मजल्याच्या वर आल्यावर तर चोक आणि पाचे यांच्यामधे इतका वेळ गेला की मला वाटलं ती विसरली. विसरली नव्हती. कठड्याला टेकून उभी होती.

मी तिला खुर्चीवर बसवून मोजायला लावलं होतं! बसलेल्या बाईचा पाढा आणि जिना चढणाऱ्या बाईचा पाढा एकच असतो असं मी धरून चाललो होतो. आणि तीही तसंच दाखवत होती. माझी आई इतकी थकली आहे हे मला त्या जिन्याने सांगितलं, तिने नाही. मला माझीच लाज वाटली. रोज तिच्या समोर बसून जेवतो आणि हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, सात आणि आठच्या मधे, दिवा गेला. माझा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला, पण मी तो काढला नाही. मी बघत होतो हे तिला कळलं असतं तर ती पुन्हा खाली गेलीच नसती. अंधारात चपला थांबल्या. मग आवाज आला, आधीपेक्षा मोठा, भुताखेतांना धाक घालावा तसा, "एकोणीस आठे!" आणि एकेक पायरी चाचपत ती वर आली. मी घाईघाईने आत जाऊन पेपर उघडून बसलो.

"काय, पुरला का दिवा?" मी विचारलं.

"अगदी बरोब्बर," आई म्हणाली. "दारात पाऊल टाकलं आणि गेला."

"अच्छा," मी म्हणालो. पेपर मी उलटा धरला होता, ते बायकोने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेल्यावर मी कुणाला न सांगता जाऊन आणखी मोठा रेझिस्टर लावला. मोजमाप केलं नाही, आदल्या संध्याकाळचा तो पाढा माझ्या कानात होता, त्याच्या अंदाजाने लावला. त्या दिवशी आई घरात येऊन, चपला काढून, पाणी पिऊन झालं तरी बाहेर दिवे जळत होते. "उगाच केवढा वेळ जळतोय," ती कुरकुरली, आणि रोज जायला लागली. पण बाकावर आता एखाददुसरीच बाई असते म्हणाली. बाकीच्या थंडीला भ्याल्यात.

आठवडाभरात सेक्रेटरी दारात हजर झाले.

"आपकी सीढ़ी की बत्ती बहुत देर जल रही है। किसी ने छेड़छाड़ की है।"

मी सरकारी नोकर. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हाँ, सर्किट में कुछ परिवर्तन हुआ प्रतीत होता है।" कर्ता नसलेली वाक्यं आम्हांला झोपेतही येतात.

"मैंने करवाया," आई आतून म्हणाली. ती शाल गुंडाळत बाहेर आली. "आप चलो मेरे साथ। आपकी सीढ़ी पे।"

सेक्रेटरी गोंधळले, पण बाईमाणूस, तेही वयाने मोठं, चला म्हणतंय म्हटल्यावर निघाले. पुढे आई, मागे ते, सगळ्यात मागे मी. त्यांच्या जिन्याच्या तळाशी आईने बटणाकडे बोट केलं.

"दबाओ। और उन्नीस का पहाड़ा बोलते-बोलते चढ़ो।"

"पहाड़ा?"

"आता है ना?"

हा प्रश्न तिने अशा सुरात विचारला की त्या गृहस्थांनी खाकरून घसा साफ केला. बटण दाबलं. "उन्नीस एकम उन्नीस," ते चढायला लागले. "उन्नीस दूनी अड़तीस." अंगाने जाड माणूस, पहिल्या मजल्यापर्यंत तिया आणि चौके कसेबसे झाले. त्यापुढे नुसतं धापा टाकणं ऐकू येत होतं. "उन्नीस... पंजे..."

दिवा गेला.

मी मोबाइल काढला. "लावू नको," आई हळूच म्हणाली.

अंधारात ते उभे होते. वर नाही, खाली नाही. जिन्यात त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग वर एक दार उघडलं आणि बायकी आवाज आला, सेक्रेटरींच्या पत्नीचा.

"वहीं रुको। हिलना मत। दो सीढ़ी ऊपर टूटा हुआ कोना है। मैं टॉर्च लाती हूँ।"

"तुम्हें कैसे पता मैं कहाँ हूँ?"

"यहीं तो बंद होती थी रोज़।"

मग सेक्रेटरींचा आवाज आला, ओळखू येऊ नये इतका बारीक. "तुमने कभी बताया नहीं। मैं तो समझा था, ठंड की वजह से नीचे नहीं जाती।"

"क्या बताती?" बाई म्हणाल्या. "तुमने इतने शौक़ से लगवाई थी।"

मी अंधारात आईकडे पाहिलं. तिने फक्त कठड्यावर हात ठेवला होता आणि वर बघत होती. आई, त्या बाई, दोघीही आपापल्या जिन्यातला अंधार थंडीच्या नावाखाली लपवत होत्या, आणि आम्ही दोन कर्ते पुरुष अर्ज आणि मीटिंग करत बसलो होतो.

खाली आल्यावर सेक्रेटरींनी माझा हात धरला. "लिखकर मत दीजिए," ते म्हणाले. "बस, कर दीजिए। सब सीढ़ियों में।"

एकूण पाच जिने. आईने कामाची पद्धत स्वतः ठरवली, माझं मत विचारलं नाही. प्रत्येक जिन्यात राहणाऱ्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे ती स्वतः जाणार, त्याच्याबरोबर तळापासून वरपर्यंत चढणार, तो थांबेल तिथे थांबणार, आणि मनात पाढा म्हणत वेळ मोजणार. तो वेळ मला सांगणार. मी त्याप्रमाणे रेझिस्टर लावणार. बंगाली बाईंच्या जिन्याला एकोणीस आणि वर बारा. सेक्रेटरींच्या जिन्याला एकोणीस आणि वर सतरा, कारण त्यांची पत्नी वळणावर थांबून शेजारणीशी बोलते, आणि ते बोलणं धरलंच पाहिजे असं आईचं म्हणणं. ऑफिसातून आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर करत बसायचो. बायको म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, तू इंजिनिअर आहेस यावर आज पूर्ण विश्वास बसला.

संक्रांत चार दिवसांवर आली तेव्हा बहिणीचा फोन आला, आईचं साताऱ्याचं तिकीट काढू का म्हणून. मी समोरच बसलो होतो. हातात इस्त्री असल्यासारखी सोल्डरिंगची तापलेली सळई धरून नुसता बसून राहिलो, डाग द्यायचं सुचेना. एवढं सगळं करून ती हो म्हणाली असती तर मी काय करणार होतो? तिला थांब म्हणायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नव्हतं.

"आत्ता कसं जमेल गं?" आई म्हणत होती. "दोन जिने राहिलेत. शेवटच्या जिन्यातल्या तमिळ आजी दर चार पायऱ्यांना बसतात. त्यांना एकोणीसचा पुरायचा नाही, एकोणतीसचा लागेल, तोही दोनदा. घाईचं काम नाही ते."

पलीकडून बहीण काहीतरी म्हणाली. आईने ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि चष्मा काढून पदराने पुसला.

"जाईन की साताऱ्याला," ती म्हणाली. "मे महिन्यात जाईन. चार दिवस पाहुणी म्हणून."